शंभर टक्क्यांची अट मागे घ्या: पाणबुडी मोहिमेचे नियम ठरवणाऱ्या मंडळींना खुले पत्र

जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, नंदुरबार इथल्या पाणबुडी सिम्युलेटर खेळणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना, आणि त्यातही दिवाळीच्या सुट्टीतल्या सामूहिक मोहिमेचे नियम ठरवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

नियमांचा कागद हाती आला. त्यात मुख्य अटी तीन. 'सायलेंट हंटर ३' या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीच्या गेममध्ये रिअ‍ॅलिझम (खेळ किती खरा ठेवलाय त्याची सेटिंग) शंभर टक्के हवा, त्याचा स्क्रीनशॉट आधी पाठवायचा, आणि ज्याने बुडवलेलं टनेज, म्हणजे बुडवलेल्या जहाजांचे एकूण टन, जास्त त्याचा पहिला नंबर. मोहीम व्हावी असं मला मनापासून वाटतं. आपल्या भागात समुद्र न पाहिलेली कितीतरी पोरं अटलांटिकचा नकाशा पाठ असल्यासारखी बोलतात, त्यांना एकत्र आणायचं तुमच्या मनात आलं याचा आनंद आहे. म्हणूनच पहिली आणि तिसरी अट मागे घ्या, अशी विनंती करतो आहे. खासगीत न सांगता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण या अटींमुळे ज्यांनी नाव द्यायचं टाळलं ती मुलं तुमच्या बैठकीला नसतात.

आधी ही टक्केवारी येते कुठून ते पाहू. गेमच्या त्या पानावर स्विचेसची रांग आहे. इंधन मर्यादित, बॅटरी मर्यादित, दाबाची हवा मर्यादित, न फुटणारे टॉर्पेडो, जहाज बुडायला खरा वेळ, दुरुस्तीला खरा वेळ, बाहेरचा कॅमेरा बंद, नकाशावर जहाजांच्या खुणा बंद, मॅन्युअल टार्गेटिंग (नेमाचा हिशोब स्वतःच करणं), वेपन ऑफिसरची (तो हिशोब करून देणाऱ्या गेममधल्या अधिकाऱ्याची) मदत बंद, वगैरे. एखादा स्विच सोडला की टक्के कमी होतात. कोणत्या स्विचला किती टक्के द्यायचे हे गेम बनवणाऱ्यांनी २००५ साली ठरवलं. त्यावरून खेळ किती कठीण झाला याचा अंदाज येतो. तो खऱ्या पाणबुडीच्या किती जवळ गेला हे त्यावरून कळेलच असं नाही, आणि एकदोन ठिकाणी तर चक्क उलटं होतं.

टाइप सात-सी ही आपल्या सगळ्यांची लाडकी जर्मन बोट. लांबी सदुसष्ट मीटर, आत ४४ ते ५२ माणसं, १४ टॉर्पेडो. संडास दोन, आणि निघताना त्यातला एक खाण्याच्या सामानाने गच्च भरलेला. या बोटीवर कप्तान एकटा काहीच करत नव्हता. पाण्याखालून हल्ला असेल तर तो पेरिस्कोपला डोळा लावून अंतर, एओबी (जहाजाचं तोंड आपल्या नजरेच्या रेषेशी करतं तो कोन) आणि वेग तोंडी सांगायचा. ते आकडे गणकयंत्रात भरायला दुसरा माणूस, नकाशावर रेघा ओढायला तिसरा, हायड्रोफोनला, म्हणजे पाण्याखालचे आवाज ऐकण्याच्या यंत्राला, कान लावून बसलेला चौथा. रात्री पाण्यावर राहून हल्ला करायचा असेल, आणि १९४० सालचे कितीतरी मोठे हल्ले तसेच झाले, तर नेम धरून टॉर्पेडो सोडायचं काम फर्स्ट वॉच ऑफिसरचं. कप्तान त्याच्या शेजारी उभा राहून बोट कुठून आत घालायची आणि विनाशिका कुठून येते आहे यावर लक्ष ठेवायचा.

आता तुमच्या अटीकडे या. वेपन ऑफिसरची मदत बंद केल्याशिवाय शंभर भरत नाहीत. म्हणजे जो खेळाडू अधिकाऱ्याला त्या दुसऱ्या रांगेतल्या टँकरचा हिशोब करायला सांगतो आणि स्वतः एस्कॉर्टवर, म्हणजे ताफ्याच्या राखणीच्या युद्धनौकांवर, नजर ठेवतो, तो तुमच्या कागदाप्रमाणे कच्चा. जो चौघांची कामं एकटाच उरकतो तो पक्का. दुसऱ्याचं कसब मोठं आहे, यात वाद नाही. पण कप्तानासारखा वागला तो पहिला.

यावरून कुणाला वाटेल की मला मॅन्युअल टार्गेटिंग नको आहे. तसं मुळीच नाही, मला त्याचं वेड आहे. माझ्या टेबलावर चौकटीची वही, कंपासपेटीतला कोनमापक आणि स्टॉपवॉच कायम असतं. जहाज दिसलं की वहीत पहिली खूण करायची, तीन मिनिटं पंधरा सेकंद थांबायचं आणि दुसरी खूण करायची. मधलं अंतर आठशे मीटर भरलं तर जहाजाचा वेग आठ नॉट, सहाशे भरलं तर सहा. एक नॉट म्हणजे तासाला १,८५२ मीटर. १९५ सेकंदांत त्याचे जवळजवळ बरोबर शंभर मीटर होतात, एवढंच त्यामागचं गणित. आमच्याकडे येणारी शाळकरी पोरं याला 'सव्वातीनचं गणित' म्हणतात, आणि ज्यांना भूमितीचा तास नकोसा होतो तीच पोरं इथे पेन्सिलीला टोक काढून बसतात. कारण त्या सव्वातीन मिनिटांत नुसतं थांबायचं नसतं. पेरिस्कोप वर ठेवला तर कुणाला तरी दिसेल. खाली घेतला तर जहाजाने मध्येच वळण घेतलं तरी कळणार नाही, आणि ताफ्यातली जहाजं नागमोडी चालत असली तर पहिली खूणच फुकट जाते. मग पुन्हा सव्वातीन मिनिटं. तोवर पाण्याखालून चार नॉटने सरकणाऱ्या आपल्या बोटीच्या हातून ताफा निसटायला लागतो.

हे शिकायला हवं, जरूर शिकवू. फक्त ज्याला अजून ते येत नाही त्याला दारात अडवू नका.

मग खरेपणा शोधायचा कुठे? माझं उत्तर असं: कप्तानाला जे कळू शकत होतं तेवढंच आपल्याला कळावं, आणि आपण जे करू त्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागावी. या दोन गोष्टी सांभाळल्या की बाकीच्या स्विचेसमध्ये थोडं मागेपुढे झालं तरी चालतं. आणि नेमक्या याच दोन गोष्टी स्विचने पूर्ण होत नाहीत. त्या खेळणाऱ्याने स्वतःच्या नियमांनी पाळायच्या असतात.

भुसावळात राहणाऱ्याला हे लगेच समजेल. डिव्हिजनच्या कंट्रोल ऑफिसात बसलेल्याला सेक्शनमधल्या सगळ्या गाड्या ठाऊक असतात. इंजिनातल्या लोको पायलटला पुढचा सिग्नल दिसतो. तो आणि त्याचा असिस्टंट सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात आणि गाडी पुढे नेतात. पाणबुडीचा कप्तान हा इंजिनातला माणूस होता. आपण गेम सुरू करतो आणि नकळत कंट्रोल ऑफिसात जाऊन बसतो. आपणच आपल्याला घालून घेतलेले घरचे नियम आपल्याला तिथून उठवून परत इंजिनात बसवतात.

नकाशावरच्या खुणा आणि बाहेरचा कॅमेरा यांचा बंदोबस्त स्विच करतो, ते ठीक. त्यापलीकडे काय उरतं ते बघा. जहाज बुडालं की गेम लगेच त्याचा अचूक टनेज आकडा लिहून मोकळा होतो. खऱ्या कप्तानाला काळोखात एक काळी आकृती दिसायची आणि पुस्तकातल्या चित्रांशी ताडून तो आकडा ठरवायचा, तोही बऱ्याचदा फुगवलेला. माझा नियम असा की टॉर्पेडो सोडण्याआधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा, आणि जहाज बुडताना डोळ्यांनी दिसलं तरच ते बुडालं असं धरायचं. विनाशिकेने खाली दाबून ठेवलं आणि वर येईपर्यंत समुद्र रिकामा झाला असेल तर वहीत 'लागला, पुढचं माहीत नाही' एवढंच.

हायड्रोफोनचंही तसंच. पाण्यावर असताना तो चालत नाही. खऱ्या बोटी धुक्यात किंवा खराब हवेत मुद्दाम बुडी मारून ऐकायच्या, कारण डोळ्यांना दिसतं त्यापेक्षा लांबचं पाण्याखाली कानाला कळायचं. गेममध्ये टाइम कॉम्प्रेशन (काळ भराभर पळवायची सोय) १०२४ पटीवर टाकून महासागर पालथा घालणाऱ्याला हे सुचतच नाही. दर काही तासांनी वीस-पंचवीस मीटर खाली जायचं, इंजिनं थांबवायची आणि चारी दिशा ऐकायच्या, हा नियम लावून बघा. गस्तीची लयच बदलते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती बैठकीत कुणी काढलेली दिसत नाही. आपल्याला इतिहास माहीत आहे. युद्धाचा शेवट माहीत आहे, कोणतं हत्यार कधी आलं ते माहीत आहे, कोणत्या महिन्यात कुठे जाऊ नये ते माहीत आहे. हे ज्ञान कोणत्याच स्विचने बंद होत नाही. शंभर टक्क्यांवर खेळणाराही ते खिशात घेऊनच बोटीवर चढतो.

टॉर्पेडोचंच घ्या. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेजवळ जर्मन पाणबुड्यांना समोर सावज मिळूनही हात चोळत बसावं लागलं. गुंथर प्रीनसारख्या नावाजलेल्या कप्तानाने नांगरून उभ्या असलेल्या जहाजांवर टॉर्पेडो सोडले आणि ते निकामी ठरले. टॉर्पेडो फोडणारं चुंबकीय पिस्तूल बेभरवशाचं होतं आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खालून जात होते. पॅसिफिकमध्ये अमेरिकनांची गत याहून वाईट. त्यांचा मार्क १४ टॉर्पेडो साधारण तीन मीटर जास्त खोल धावायचा, हे १९४२ च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात पाण्यात जाळं टांगून केलेल्या चाचणीत सिद्ध झालं. खोली दुरुस्त केल्यावर चुंबकीय भाग दगा देतोय हे लक्षात आलं, तो १९४३ च्या जूनमध्ये बंद केला. त्यानंतर कळलं की टॉर्पेडो जहाजाच्या अंगावर काटकोनात, म्हणजे सगळ्यात चांगला नेम साधून आदळला, तर त्याची फायरिंग पिनच चेमटते. जुलै १९४३ मध्ये 'टिनोसा' या पाणबुडीच्या डॅस्पिट नावाच्या कप्तानाने 'तोनान मारू क्रमांक ३' या मोठ्या जहाजावर पंधरा टॉर्पेडो सोडले. जहाज थांबलं, पण बुडालं नाही. शेवटी उरलेला एक टॉर्पेडो त्याने न सोडता पर्ल हार्बरला परत नेला, तपासणीसाठी. मग हवाईतल्या कड्यावर टॉर्पेडो आदळवून दोष शोधला गेला. युद्ध सुरू होऊन तोवर दीड वर्ष उलटून गेलं होतं.

आता पॅसिफिकमधल्या अमेरिकन पाणबुड्यांच्या 'सायलेंट हंटर ४' मध्ये १९४२ सालची गस्त खेळणारा आपला दोस्त काय करतो? टॉर्पेडोची खोली आल्याआल्या कमी करतो, चुंबकीय भाग बंद ठेवतो, आणि मुद्दाम तिरका मारा करतो, कारण तिरका लागलेला फुटतो हे त्याने वाचलेलं असतं. सेटिंग शंभर टक्के, स्क्रीनशॉटही तयार. पण त्याने डॅस्पिटचं युद्ध खेळलेलंच नाही. डॅस्पिटच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे सगळं बरोबर करूनही काहीच न होणं, आपलंच काही चुकतंय का हा संशय, आणि बंदरावर तुमचाच नेम वाईट असं ऐकून घेणं. ते अनुभवायचं असेल तर एकच नियम पुरतो: त्या तारखेपर्यंत त्या कप्तानाला जे हुकूम होते त्याप्रमाणेच टॉर्पेडो लावायचे. सलग तीन टॉर्पेडो फुटले नाहीत तर चौथ्याला स्वतःच्या जबाबदारीवर बदल करायचा, आणि तो का केला हे वहीत लिहायचं.

रेडिओची गोष्टही अशीच. जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनित्झ, त्याचं मुख्यालय बोटींकडून सतत खबर मागायचं. ताफा दिसला, कळवा. हवा कशी आहे, कळवा. इंधन किती उरलं, कळवा. या संदेशांवरून बोट कुठे आहे हे दोस्त राष्ट्रांना हुडकता यायचं. १९४२ पासून एस्कॉर्ट जहाजांवरही दिशा शोधणारी यंत्रं बसू लागली, आणि तिकडे इंग्लंडातल्या ब्लेचली पार्कमध्ये संकेतलिपी फोडली जात होती. कप्तानाला यातलं बहुतेक माहीत नव्हतं. आपल्याला आहे, म्हणून आपण तोंडाला कुलूप लावून अटलांटिकभर फिरतो. ताफा दिसला की हल्ल्याआधी संदेश पाठवायचाच, असा नियम ज्याने लावून घेतला त्याला मे १९४३ म्हणजे काय हे पुस्तक न वाचता कळतं. त्या एका महिन्यात जर्मनांच्या ४१ पाणबुड्या गेल्या आणि डोनित्झला उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घ्याव्या लागल्या. आपल्यातले किती जण एप्रिल १९४३ आला की गुपचूप दुसऱ्या तळावर बदली मागून घेतात, ते एकमेकांना विचारा.

किंमत मोजण्याच्या बाबतीत सेव्हचा, म्हणजे बिघडलं की जपून ठेवलेल्या जागेवरून पुन्हा खेळण्याचा, प्रश्न येतो. 'मेला तो मेला' हा नियम आपल्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. बोट बुडाली की करिअर संपलं, नवा कप्तान, नवी बोट. मी या नियमाचा कट्टर आहे. तो लावला की माणूस आपोआप वेगळं खेळतो. बोटीच्या अंगाला इजा झाली की टॉर्पेडो शिल्लक असूनही घरचा रस्ता धरतो. ताफ्याभोवती एस्कॉर्ट जास्त दिसले तर सोडून देतो, आणि त्या सोडून देण्याचं वाईट वाटतं ते खरं वाटतं. अनेक खऱ्या बोटींनी सबंध युद्धात एकही जहाज बुडवलं नाही. जर्मन पाणबुडी दलातून सुमारे चाळीस हजार माणसं समुद्रावर गेली, त्यातली तीस हजारांच्या आसपास परत आली नाहीत. रीलोड करत खेळणाऱ्याला हा आकडा नुसता आकडा राहतो.

पण इथे आपल्या खानदेशाचं काही वेगळं आहे, ते कागदात यायला हवं. आपल्याकडे लाइट जाते. एप्रिल-मेच्या पंचेचाळीस डिग्रीत तर जातेच, दिवाळीतही भरवसा नाही. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याचं निभावतं. यावल-रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या पोराचं काय? शेतीची लाइट कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची असेल तर मोटार चालू करायला हाच पोरगा बॅटरी घेऊन बांधावर जाणार. त्यात 'सायलेंट हंटर ३' पाण्याखाली असताना किंवा जवळ जहाजं असताना केलेला सेव्ह बिघडवतो, हे आपण सगळे जाणतो. म्हणजे ऐन पाठलागात लाइट गेली की त्याला मागच्या सेव्हवर जावंच लागतं, आणि तुमच्या 'एकही रीलोड नको' या पोटनियमाने तो बाद.

आमच्या घरी यावर तोडगा आहे: लाइट गेली की सावज सुटलं. मागचा सेव्ह उघडायचा, पण त्या ताफ्याच्या वाटेला पुन्हा जायचं नाही. तो कुठून येणार हे आता माहीत झालेलं असतं ना! बोट उलट्या दिशेला वळवायची, चोवीस तास जाऊ द्यायचे, मग नवीन शोध. यात फायदा कुणाचाच होत नाही, म्हणून फसवणुकीची शंकाही राहत नाही. वहीत 'लाइट गेली' अशी नोंद करायची. हा नियम मोहिमेसाठी घ्या, अशी माझी खास सूचना आहे.

टाइम कॉम्प्रेशनवर मर्यादा घालायची सूचनाही कुणीतरी केल्याचं कानावर आलं. कृपा करून नको. काही आठवड्यांची गस्त कुणी दिवाळीच्या सुट्टीत खऱ्या वेळेत खेळू शकत नाही. गेममधल्या प्रत्येक दिवशी एकदा वेग साध्यावर आणायचा, हवा बघायची, इंधन मोजायचं, नकाशावर जागा तपासायची आणि वहीत दोन ओळी लिहायच्या. एवढ्याने काळ गेल्याची जाणीव राहते. जास्त ताणलं तर मुलं कंटाळून सोडून देतील.

तिसऱ्या अटीबद्दल मला जरा जास्त पोटतिडकीने बोलायचं आहे. टनेजवर नंबर लावू नका.

व्यवहाराचं कारण आधी सांगतो. टनेजवर बक्षीस ठेवलं की प्रत्येक जण शेवटच्या टॉर्पेडोपर्यंत लढणार, बोट फुटलेली असली तरी लढणार, कारण घरी परतण्याला गुण नाहीत. म्हणजे स्विच शंभर टक्क्यांवर, आणि वागणं एकाही जिवंत कप्तानासारखं नाही.

दुसरं कारण माणसांचं. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी 'तिलावा' नावाचं प्रवासी जहाज अरबी समुद्रात बुडालं. मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं होतं, बहुतेक प्रवासी भारतीय. जपानच्या आय-२९ पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो सोडला. पहिल्या टॉर्पेडोनंतर जहाज लगेच बुडालं नाही म्हणून काही जण होड्यांतून परत जहाजावर चढत होते, तेवढ्यात दुसरा लागला. २८० माणसं गेली. तुमच्या गुणपत्रिकेत या जहाजाची नोंद दहा हजार टन अशी होईल आणि खेळाडू वरच्या नंबरावर जाईल. आणि हीच आय-२९ पाच महिन्यांनी, एप्रिल १९४३ च्या अखेरीस, मादागास्करच्या बाजूला जर्मन यू-१८० ला भेटली आणि सुभाषचंद्र बोस व त्यांचे सहकारी आबिद हसन यांना रबरी होडीतून आपल्याकडे उतरवून घेऊन पूर्वेकडे निघाली. शाळेत आपण नेताजींचा पाणबुडीचा प्रवास शिकतो. त्याच बोटीने आपली २८० माणसं बुडवली होती हे कुणी सांगत नाही. पाणबुडीच्या युद्धातली सगळी गुंतागुंत या एका बोटीत आहे, आणि ती मुलांपर्यंत पोचवायची असेल तर टनेजच्या तक्त्याने पोचणार नाही.

१९७१ मध्ये ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ 'हँगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबर गेले. दीव आपल्यापासून काही फार लांब नाही. पेरिस्कोपमधून दिसणाऱ्या जहाजात कोण असतं हे कळायला एवढं एक नाव पुरे. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक बुडालेल्या जहाजासमोर एक ओळ लिहायचा नियम आहे: कोणत्या प्रकारचं होतं, हवा कशी होती, होड्या उतरताना दिसल्या का. गेममध्ये होड्यांवर तोफ चालवायची नाही, हे तर वेगळं सांगायलाच नको. काही मुलं जर्मन कप्तानांची चित्रं भिंतीवर लावतात आणि ते कप्तान कुठल्या राजवटीसाठी लढत होते याचा उल्लेखही नको म्हणतात. त्यांच्याशी बोलायला हवं, आणि ते काम मोठ्यांचं आहे. गणवेशाचं बटण कुठल्या वर्षी बदललं ते ठाऊक असलेल्या पोराला ती राजवट काय होती हेही ठाऊक असायला हवं.

म्हणून माझं मागणं असं. शंभर टक्क्यांची अट काढून टाका, तिच्या जागी प्रत्येकाने आपले घरचे नियम एका कागदावर लिहून आधी द्यावेत. कुणाचे चार असतील, कुणाचे वीस. ज्याने वेपन ऑफिसरची मदत ठेवली आहे त्याने तसं लिहावं, ज्याला बाहेरचा कॅमेरा बोट बंदरातून निघताना बघायला आवडतो त्यानेही लिहावं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एकदा लिहून दिलेले नियम गस्त संपेपर्यंत बदलायचे नाहीत, ही मात्र सगळ्यांना सारखी आणि कडक अट असू द्या. टनेजऐवजी वह्या वाचा. कोणता कप्तान माणसं घेऊन परत आला, त्याने कोणता निर्णय का घेतला, कुठे माघार घेतली, हे वाचून ठरवा. परीक्षक म्हणून दोन-तीन जण पुरेत, त्यातला एक तरी गेम न खेळणारा असावा, म्हणजे वही त्यालाही समजली पाहिजे.

नवख्यांसाठी एक बोट वेगळी ठेवता येईल. 'वुल्फपॅक' या गेममध्ये एकाच पाणबुडीवर चार-पाच जण वेगवेगळ्या जागा सांभाळतात: कुणी पेरिस्कोपवर, कुणी हायड्रोफोनवर, कुणी सुकाणूवर. सव्वातीनचं गणित ज्याला येतं त्याने नकाशा घ्यावा आणि शेजारी नवख्याला बसवावं. सुट्टीत एक संध्याकाळ अशी केली तर पुढच्या वर्षी निम्मे जण आपणहून मॅन्युअल टार्गेटिंगवर येतील, त्यासाठी अट घालावी लागणार नाही. आणि ज्यांना जमेल त्यांनी कधीतरी विशाखापट्टणमला जाऊन किनाऱ्यावर ठेवलेली 'आयएनएस कुरसुरा' आतून बघावी. २००२ पासून ती लोकांसाठी खुली आहे. सात-सी पेक्षा ती लांबीला बरीच मोठी, तरी आतल्या एकेका गोल दारातून वाकून जाताना आणि त्या अरुंद झोपण्याच्या जागा बघताना जे कळतं ते कुठल्याच सेटिंगमध्ये मिळत नाही.

बैठक पुन्हा बोलवाल तेव्हा मी वही घेऊन येईन, माझे नियम सगळ्यांसमोर वाचून दाखवीन, आणि त्यातला कुठला फोल आहे असं कुणी पटवून दिलं तर तिथेच खोडीन. बैठक रविवारी ठेवा आणि वेळ अशी ठरवा की नंदुरबार-अमळनेरच्या मुलांना सुरत-भुसावळ गाडीने येऊन संध्याकाळी परत जाता येईल. धुळ्याची मंडळी बसने येतीलच. यावल-रावेरच्या मुलांना तुमचा कागद मी स्वतः नेऊन देतो, फक्त त्याआधी तो दुरुस्त करून पाठवा.

आपला,
भुसावळचा एक पाणबुडीवाला